हात कधी काढायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: गेल्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून चार वर्षांची मारवाडी घोडी घेतली. विकणाऱ्याने ती नाचवून दाखवली, तेव्हा गुणी वाटली. घरी आणल्यावर आठवड्याभरात रंग बदलला. लगाम दिसला की मान आभाळात. कानाला हात लावू देत नाही. हातात काठी दिसली की पुढचे पाय आपटते, कधी मागच्या पायांवर उभी राहते. गावातले जाणते म्हणतात, दोन दिवस दाणा-वैरण तोडा, खांबाला आखूड बांधा, एकदा जिरवली की सुतासारखी सरळ येईल. एकाने तर डोळ्याखालचा केसांचा भोवरा खोटा, म्हणजे अशुभ आहे, घोडी घरात ठेवूच नका असं सांगितलं. अकरा वर्षांच्या मुलीला तिच्यावर बसायचं आहे. विश्वास कसा मिळवायचा, किती दिवस लागतील, की सरळ विकून टाकू?

काठीपासून सुरू करतो. तुम्ही ती ओळ जाता जाता लिहिली आहे, पण घोडीची निम्मी हकीकत त्या ओळीत आहे.

नाचणारा घोडा तयार करायची एक जुनी रीत आहे. घोड्याला दोन्ही बाजूंनी आखूड बांधतात, म्हणजे पुढे-मागे सरकायला जागाच उरत नाही. मग गुडघ्याखालच्या नळीवर काठीने टिचक्या मारत राहतात. पाय उचलला की काठी थांबते. टेकवला की पुन्हा सुरू. त्यावर ढोल जोडतात. काही दिवसांनी काठी अंगाला लागावीही लागत नाही, नुसती दिसली तरी पाय उचलले जातात. सगळेच असं करतात असं मी म्हणणार नाही. गुळाच्या खड्यावर पाय उचलायला शिकवणारी माणसंही मी पाहिली आहेत, त्यांना वर्ष-दीड वर्ष लागतं. पण दोन महिन्यांवर यात्रा आली आणि घोडा विकायचा आहे, तेव्हा हातात काठीच येते.

आता तुमच्या अंगणात काय झालं ते तिच्या बाजूने बघा. तुम्ही काठी घेऊन आलात, कदाचित शेण सारायला किंवा कुत्रं हाकलायलाही असेल. तिने लगेच शिकवलेलं करून दाखवलं, पाय आपटले. पूर्वी एवढं केलं की काठी थांबायची. तुम्ही थांबला नाहीत, उलट ओरडलात. मग तिने त्याहून मोठं उत्तर दिलं, दोन पायांवर उभी राहिली. तेव्हा तुम्ही मागे सरलात. झालं, काठीवर काय उत्तर द्यायचं ते तिला कळलं. हे तुम्ही शिकवलंत, नकळत. ती मस्ती करत नाहीये, पाठ झालेला धडा म्हणून दाखवतेय.

माझे वडील मिरजेत टांगा चालवायचे. मी दहाव्या वर्षापासून घोड्यांच्या पायात आहे, आणि गेली अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांचे घोडे फिरवून पोट भरतो. एवढ्या काळात मला जी एक गोष्ट समजली ती सांगतो, बाकी सगळं तिच्यातूनच निघतं. घोडा दाबाने शिकत नाही, दाब ज्या क्षणी सुटतो त्या क्षणाने शिकतो. दोर ताणलात, त्याने पाऊल पुढे टाकलं, तुम्ही दोर सैल सोडलात: त्याला समजलं की पाऊल टाकणं हे उत्तर. दोर तसाच ताणून धरलात तर त्याला काहीच समजलं नाही, फक्त मान दुखली. कानाला हात लावलात, त्याने मान उडवली आणि हात सुटला: मान उडवणं हे उत्तर. म्हणजे तुम्ही दिवसभर घोड्याजवळ जे काही करता त्यात हात कधी काढता हेच तो टिपत असतो. हात कसा लावायचा ते सगळे दाखवतात, काढायचा कधी ते दाखवणारा मला पंचविशीपर्यंत भेटला नाही.

तरीही उद्यापासून शिकवायला लागू नका. आधी तिला कुठे दुखतंय का ते बघा.

तोंड पहिलं. घोड्याचे दुधाचे दात आणि दाढा साधारण अडीच ते साडेचार वर्षांच्या दरम्यान पडून पक्के येतात. तुमची घोडी नेमकी त्या वयात आहे. हिरडी सुजलेली, सुटू पाहणारी दाढेची टोपी हलतेय, आणि तिथेच लोखंड जातंय, अशी अवस्था असू शकते. वरच्या दाढांना गालाच्या बाजूने आणि खालच्यांना जिभेच्या बाजूने धारदार कडा येतात, त्या घासून घ्याव्या लागतात. काही घोड्यांना पहिल्या दाढेपुढे एक छोटा बिनकामाचा दात असतो, कडी, म्हणजे लगामाचं तोंडात जाणारं लोखंड, त्याच्यावर आपटते. हे सगळं घोड्यांची सवय असलेल्या पशुवैद्याकडून तपासून घ्या. गाईगुरांचे डॉक्टर चांगले असतात, पण घोड्याच्या तोंडात हात घालायला त्यातले बरेच जण तयार नसतात, त्यांचा दोष नाही. त्याच भेटीत धनुर्वाताची लस विचारा. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, आणि तबेल्यात खिळे-पत्रे असतातच.

मग तिच्याबरोबर आलेला लगाम हातात घ्या आणि कडीवरून बोट फिरवा. काटे, दाते, चक्री असं काही बोटाला लागलं तर बाकी फार शोधायची गरज नाही. काटेरी कडी वापरायला आपल्याकडे १९६५ च्या ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांविषयीच्या नियमांनीच बंदी आहे. तरी यात्रेत दोरीला टांगून उघड विकतात. जिभेवर आडवा जुना व्रण किंवा ओठांच्या कोपऱ्यात पांढरे केस दिसतात का बघा. पांढरे केस म्हणजे तिथे कधीतरी जखम होऊन भरली.

कान दुसरे. टॉर्च घेऊन आत बघा, पण लांबूनच, आणि नाही दिसलं तर जबरदस्ती नको, डॉक्टर आल्यावर बघा. यात्रेतून आलेल्या घोड्यांच्या कानात गोचीड सापडणं अगदी नेहमीचं आहे. मी एका घोडीवर तीन आठवडे कानाची सवय लावत बसलो होतो, आणि शेवटी आतून चिंचोक्याएवढी गोचीड निघाली. तीन आठवडे ती बिचारी सांगत होती आणि मी धीर धरल्याबद्दल स्वतःचीच पाठ थोपटत होतो. गोचीड नसेल तर दुसरी शक्यता उरते: कान पिळून धरायची खोड. नाल ठोकताना, सुई देताना, लगाम चढवताना माणसं घोड्याचा कान मुठीत पिळतात. मारवाडीचे आत वळलेले कान तर मुठीत धरायला केल्यासारखेच.

भोवऱ्याचं एका ओळीत: भोवरा बघून घोड्याचा भाव पाडता येतो, स्वभाव कळत नाही. तुम्हाला घोडी घरात ठेवू नका म्हणणारा माणूस स्वतः गिऱ्हाईक तर नाही ना, एवढं तपासा.

आता दाणा-वैरण तोडण्याचा सल्ला. हा सल्ला देणाऱ्यांनी बैल सांभाळलेत, घोडा नाही. बैलाला चार कप्प्यांचं पोट आहे, खाऊन बसून रवंथ करतो. घोड्याचं पोट अंगाच्या मानाने लहान, आणि त्यात आम्ल सतत झिरपत राहतं, पोटात काही असो वा नसो. मोकळा घोडा दिवसातले पंधरा-सोळा तास थोडं थोडं चरत असतो ते उगाच नाही. दोन दिवस उपाशी ठेवलात तर पोटात व्रण होतील, आणि नंतर अधाशीपणाने खाऊन पोटशूळ होईल. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटशूळ हे त्याच्या मरणाचं नेहमीचं कारण आहे. भुकेने वाकलेला घोडा वैरण घेऊन येणाऱ्या हाताला चावायला मात्र नक्की शिकतो.

उलट मला शंका आहे की तुम्ही तिला जास्त खायला घालताय, आणि चुकीचं. नवीन घोडी म्हणजे कौतुक, कौतुक म्हणजे भिजवलेले हरभरे. दिवसाला तीन-चार किलो हरभरा आणि दिवसभर ठाणावर बांधलेली, तर ती उड्या मारेल नाही तर काय करेल? हरभरा मूठ-दोन मुठींवर आणा, एकदम न तोडता आठ-दहा दिवसांत. कोरडी वैरण वाढवा. साडेतीनशे किलोची घोडी धरली तर सहा-सात किलो कोरडा चारा रोज लागतो. कडब्याची कुट्टी, सुकं गवत, थोडा लसूणघास, असं विभागून चार-पाच वेळा. रात्रीची शेवटची वैरण विसरू नका, तिची रात्र लांब असते.

आणि तिला सोडा. अगाडी-पिछाडी बांधून चोवीस तास उभा असलेला घोडा शिकायच्या मनःस्थितीत नसतोच. शेताचा एक कोपरा बांबू आणि आडव्या वाशांनी बंद करून घ्या. काटेरी तार नको, घोडा बुजला की तार बघत नाही. दुसरा घोडा नसेल तर शेळी सोडा. हसू नका. घोडा कळपातलं जनावर आहे, एकटा असला तर पहारा त्याला एकट्यालाच द्यावा लागतो. शेळी रवंथ करत बसली की त्याचाही जीव खाली बसतो.

यात पंधरा दिवस जातील. तेवढे दिवस लगाम अंगणात आणूच नका. तुमचं काम एवढंच: सकाळ-संध्याकाळ अर्धा तास त्या कुंपणात जाऊन बसायचं. घमेलं पालथं घाला आणि बसा. तिच्याकडे टक लावून बघू नका, बोलवू नका, गाजर दाखवू नका. फोनवर बोला, भुईमुगाच्या शेंगा निवडा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती मागून येऊन तुमच्या डोक्याचा वास घेईल. तेव्हाही वळू नका.

हे वाचून तुमच्या शेजारचे हसतील, म्हणून यामागचं कारण सांगतो. घोडा माणसाचं अंग वाचतो, आणि आपल्याला वाटतं त्याच्या कितीतरी पट बारीक वाचतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनीत हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो म्हणून गाजला होता. बेरीज विचारली की खूर आपटून उत्तर द्यायचा. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या अभ्यासकाने छडा लावला: घोड्याला गणित येत नव्हतं, पण बरोबर आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याची मान आणि खांदे केसभर हलायचे, ते त्याला दिसायचं. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की हान्सचंही गणित चुकायचं. अलीकडचं सांगायचं तर, २००९ साली स्वीडनमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसांना घोडा धरून एका वाटेने चार वेळा न्यायला सांगितलं आणि चौथ्या वेळी, आता घोड्यासमोर छत्री उघडणार आहोत, असं बजावलं. छत्री उघडलीच नाही. तरी माणसाच्या छातीचे ठोके वाढले, आणि घोड्याचेही वाढले.

म्हणजे 'आता ही उडणार' असं मनात घेऊन तुम्ही लगाम हातात धरलात की तिला ते कळतं. न भिण्याचं नाटक तिथे चालत नाही. एकच उपाय चालतो: इतकं छोटं काम हातात घ्यायचं की तुम्हालाच भीती वाटू नये. म्हणून घमेल्यावर बसायचं.

पंधरवड्यानंतर हात लावायला सुरुवात करा. दोरीची साधी म्होरकी, दहा-बारा फुटांचा सुती दोर, आणि तिला कुठेही बांधलेलं नाही. दोर तळहातात घड्या घालून धरायचा, हाताला गुंडाळायचा नाही. गुंडाळलेल्या दोराने बोटं गेलेली दोन माणसं माझ्या ओळखीत आहेत. उभं राहायचं खांद्याजवळ. घोड्याला दोन्ही बाजूंचं जवळपास सगळं दिसतं, पण कपाळासमोरचं, नाकाखालचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. समोरून येऊन कपाळावर प्रेमाने हात ठेवणारा माणूस तिच्या दृष्टीने अचानक नाहीसा होतो आणि एकदम अंगाला लागतो.

पहिला हात मानेच्या बुडाशी, जिथे आयाळ संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यावर. थोपटू नका, नखांनी खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात. तिथे खाजवलं की छातीचे ठोके खाली येतात हे मोजून पाहिलेलं आहे. तुम्हीही जबड्याच्या खालच्या कडेला बोटं ठेवून नाडी मोजायला शिका. विसावलेल्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ च्या दरम्यान असते. ती उभी शांत दिसतेय पण नाडी साठावर असेल तर त्या दिवशी नवीन काही नको.

तिथून हात मानेवरून कानाकडे सरकवायचा. समजा मानेच्या अर्ध्यापर्यंत ती काही बोलत नाही, आणि त्यापुढे चार बोटं गेलात की कान मागे वळतो, डोळ्यावरची सुरकुती चढते. तर तुमची आजची हद्द त्या जागेच्या दोन बोटं अलीकडे. तिथपर्यंत जायचं, एक श्वास थांबायचं, आणि ती उभी असतानाच हात काढून खाली सोडायचा. दोन पावलं मागे या. दहा सेकंद काही नको. पुन्हा. असं पाच-सात वेळा झालं की बंद, पाठ फिरवून निघून जा. तीन-चार मिनिटांचं काम, दिवसातून तीनदा. एका दमात तासभर करण्यापेक्षा हे कितीतरी लवकर पोचतं.

इथे सगळे जण एक चूक करतात, मीही केली. तिने हू की चू केलं नाही की आपला हात लोभी होतो, अजून चार बोटं पुढे जातो. मग ती मान उडवते, हात सुटतो, आणि सकाळपासूनची कमाई त्या एका झटक्यात जाते. असं झालंच तर हात ओढून घेऊ नका. दाबूही नका. हात अंगाला तसाच हलका ठेवून तिच्या मानेबरोबर जाऊ द्या. ती क्षणभर, पापणी लवण्याइतकी, थांबली की तेव्हा काढा. पण हे आणीबाणीतलं औषध आहे, रोजचं जेवण नाही. रोज जर मानेबरोबर हात न्यावा लागत असेल तर तुम्ही हद्द ओलांडताय.

कानावर पोचलात की पंज्याने धरू नका. शर्टाची बाही खाली घ्या आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग कानावरून घसरत जाऊ द्या, न थांबता, जणू तुम्ही पलीकडचं काही घेत आहात. पिळणारी मूठ तिला माहीत आहे, घसरणारी बाही माहीत नाही. नंतर उलटा हात, नंतर बोटं. डाव्या बाजूने जमलं की उजव्या बाजूने पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडे घोड्याला सगळं डावीकडूनच करतात, त्यामुळे उजवीकडचा माणूस तिला परका वाटतो.

याच दिवसांत मान खाली घ्यायला शिकवा. दोन कानांच्या मागे हाताचं वजन नुसतं ठेवा, लोटायचं नाही. मान एक बोट खाली आली की हात काढा. पहिल्या दिवशी त्या एका बोटासाठी पाच मिनिटं लागतील. आठवड्यात ती नाक तुमच्या गुडघ्याशी आणेल. ज्या घोड्याची मान खाली आहे तो दोन पायांवर उभा राहू शकत नाही, हे एक. आणि तुमची अकरा वर्षांची मुलगी स्टूल न घेता लगाम घालू शकेल, हे दुसरं.

मग लगाम. साधी गुळगुळीत कडी घ्या, मध्ये एक सांधा असलेली. तोंडात टाकण्याआधी हातात धरून कोमट करा. पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये हिरडीची मोकळी जागा असते, ओठाच्या कोपऱ्यातून तिथे अंगठा घातला की तोंड आपोआप उघडतं, दातांवर लोखंड आपटावं लागत नाही. कडीला गूळ चोळा. पहिले काही दिवस लगामाचे पट्टे नकोतच, नुसती कडी दोरीला बांधून तोंडाशी न्या, चाटू द्या, परत घ्या. पट्टे जोडल्यावर कानांवरून ओढून चढवू नका. गालाचं बक्कल सोडा, डोक्यावरचा पट्टा कानांच्या मागून न्या आणि मग बक्कल लावा. दोन मिनिटं जास्त लागतात. कानाला दुखावलेल्या घोड्यासाठी एवढी सोय करायला काय हरकत आहे?

काढताना मात्र खरी परीक्षा. लगामाला भिणाऱ्या घोड्यांतले बरेचसे चढवताना नाही, काढताना बिघडलेले असतात. माणूस दमलेला असतो, पट्टा सोडून खस्सकन ओढतो, कडी खालच्या दातांत अडकते, घोडा मान वर फेकतो, कडी आणखी अडकते. पट्टा कानांच्या पुढे आणून हातात धरून ठेवा आणि ती स्वतः जिभेने कडी बाहेर टाकेपर्यंत थांबा. जबडा सैल करेल, चघळेल, टाकेल.

चघळण्यावरून आठवलं. घोडा जीभ काढून चघळायला लागला म्हणजे त्याला पटलं, तो शरण आला, असं व्हिडिओंत फार सांगतात. ताण उतरतानाही घोडा चघळतो, म्हणजे त्याआधी ताण होता एवढंच त्यावरून ठरतं. दर दोन मिनिटांनी तो चघळत असेल तर तुम्ही दर दोन मिनिटांनी त्याला घाबरवताय.

खांबाला बांधून 'जिरवण्या'बद्दल सल्ला देण्याऐवजी स्वतःचं सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे एक कुमेत घोडा आला होता, लग्नसराईच्या तोंडावर. मालकाला घाई, मलाही पैशांची घाई. मी चार दिवसांत लगाम चढवला, ओठाला दोरीचा पीळ देऊन आणि कान धरून. मग आखूड बांधून अंगावर ताडपत्री टाकली, डबे वाजवले. पहिले दोन दिवस त्याने खांब हलवला. तिसऱ्या दिवशी उभा राहिला तो दगडासारखा. डबे वाजवा, ताडपत्री फडकवा, कान हलेना. मी मालकाला दाखवलं, मालक खूश, मी पैसे मोजून घेतले. महिन्याभरात एका वरातीत फटाक्यांची माळ लागली आणि तो नवरदेवासकट सरळ पुढे सुटला, कशालाही न वळता. नवरदेवाचं मनगट मोडलं. घोडा तारेच्या कुंपणात गेला. मी बघायला गेलो तेव्हा त्याने माझ्याकडे मान वळवून बघितलंही नाही, आणि मला आठवलं की माझ्याकडे असतानाही तो कधी बघत नव्हता. मी त्याला शांतपणा समजलो होतो.

तेव्हापासून मी आधी माश्या बघतो. अंगावर माशी बसली आणि घोडा कातडी थरथरवत नाही, शेपूट हलवत नाही, तर त्याने आत दार लावून घेतलंय. डोळा उघडा पण एका जागी, नाकपुड्या आवळलेल्या, हनुवटी कडक, वैरण समोर असून तोंड लावत नाही. खरोखर विसावलेल्या घोड्याचा खालचा ओठ लोंबतो, एक मागचा पाय सैल असतो, आणि कान सतत इकडे-तिकडे फिरत असतात, एक तुमच्याकडे. असा घोडा बुजतोसुद्धा, पण बुजून परत वळून बघतो. मला बुजणारा घोडा चालतो.

आवाज हा काही घोड्याचा जन्मजात वैरी नाही. वारीत रिंगणाला उभे राहून बघा. माउलींचे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून आळंदीपर्यंत पायी येतात, आणि पुढे लाखोंच्या गर्दीत, टाळ-मृदंगाच्या कल्लोळात रिंगणात धावतात, त्यातल्या एकावर तर स्वारही नसतो. तुमच्या घोडीला मात्र ढोल म्हणजे नळीवरची काठी. तिला ढोल ऐकवायचा तर दोन शेतं लांबून, ती चरत असताना, आणि ती चरायची थांबण्याआधी ढोल थांबवायचा. काठीचंही तसंच: काठी कुंपणात नुसती पडलेली असू द्या, तिने जाऊन हुंगली की गुळाचा खडा काठीजवळ जमिनीवर ठेवा. हातातून गूळ भरवायची सवय लावू नका, नंतर ती खिसे तपासते. हातात काठी घ्यायची वेळ आली की ती पाय आपटायच्या आत खाली ठेवा. पाय आपटलेच तर रागवू नका आणि शाबासकीही देऊ नका, काठी हलवायचं थांबवा आणि ती पाय टेकवून उभी राहिली की खाली ठेवा. पाय टेकवून उभं राहणं हेही एक उत्तर आहे, ते तिला कोणी विचारलेलं नाही.

काव्यावर, म्हणजे लांब दोराने धरून, गोल फिरवायचं असेल तर मोठ्या वर्तुळात, पाच-दहा मिनिटं, दोन्ही बाजूंनी. दमवून शांत करण्यासाठी तासभर गोल पळवू नका. सांधे जातात, आणि दमसास वाढल्यामुळे पुढच्या महिन्यात तिला दमवायला दोन तास लागतात. घोडी माजावर आली की पाच-सात दिवस हळवी होते, साधारण दर तीन आठवड्यांनी, उन्हाळा-पावसाळ्यात जास्त. ते दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि त्या दिवसांत नवीन धडा घेऊ नका. निम्म्या 'अचानक बिघडली'च्या तक्रारी तिथे मिटतात.

किती दिवस? माझ्या अंदाजाने कान आणि तोंड दोन ते चार महिने, काठी आणि ढोल वर्षभर, तेही पूर्ण जाईलच असं नाही. अंधारात, पावसात, अनोळखी माणसाच्या हातात जुनं पुन्हा वर येऊ शकतं. तसं झालं म्हणून सगळं फुकट गेलं असं समजू नका. दोन पायऱ्या मागे जाऊन पुन्हा सुरू करा, दुसऱ्या खेपेला फार लवकर होतं.

मुलीबद्दल. तिला आजपासून घोडीजवळ येऊ द्या, पण पाठीवर नाही. खरारा करणं, घमेल्यावर बसून शेंगा निवडणं, मान खाली घ्यायला शिकवणं, हे ती तुमच्यापेक्षा चांगलं करेल, मुलांना घाई कमी असते. बूट, डोक्यावर हेल्मेट, आणि शेजारी तुम्ही. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालू असते, त्यामुळे वर्षभर थांबण्यात घोडीचंही भलं आहे. दरम्यान मुलीला एखाद्या शांत, वयस्क घोड्यावर शिकू द्या. शिकाऊ स्वार आणि शिकाऊ घोडा अशी जोडी लावू नये. दोघं मिळून मलाच काम देतात.

विकायचं असेल तर विका, त्यात पाप नाही. पण पुढच्या दत्तजयंतीला पुन्हा यात्रेत उभी केलीत तर पहिलं गिऱ्हाईक विचारेल, नाचते का, आणि कोणीतरी काठी उचलेल. द्यायचीच तर दात, कान आणि लगामापर्यंतचं काम झाल्यावर, घर बघून द्या.

डॉक्टरांना बोलवायचं ते या आठवड्यातच. आणि ती काटेरी कडी, निघालीच तर, माळ्यावर टाकू नका. कोणीतरी पाहुणा येतो, 'द्या, मी दाखवतो' म्हणतो, आणि बरोबर तीच शोधून काढतो. लोहाराकडे नेऊन वितळवा.